दिसतं ते चिलट, खाते ती अळी : कुंडीतल्या चिलटांचं जैविक नियंत्रण

या मालेत आपण एरवी प्रमाण, अनुमान, कार्यकारणभाव अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय कुंडीतली चिलटं हा आहे, हे वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचे मास्तर निवृत्तीनंतर बागकामाला लागले. ते थोडंफार खरंही आहे. पण आमचा हेतू वेगळा आहे. कारण कशाला म्हणायचं, आणि उपाय नेमका कुठं करायचा, हे प्रश्न ग्रंथात फार अवघड वाटतात. कुंडीत तेच प्रश्न वीतभर जागेत समोर उभे राहतात. शिवाय 'जैविक' हा शब्द आपण हल्ली फार सैलपणे वापरतो. तोही या निमित्तानं तपासून घेता येईल.

तर आधी हा कीटक ओळखू, मग त्याचं आयुष्य बघू, मग उपाय, आणि शेवटी त्या उपायांमागचा विचार.

कुंडीला पाणी घातलं की मातीवरून बारीक काळपट माश्या उठतात, थोड्या भिरभिरतात आणि पुन्हा मातीवरच बसतात. चहाच्या कपात पडतात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालतात. इंग्रजीत यांना 'फंगस नॅट' म्हणतात. आपण बुरशीची चिलटं म्हणू. यांचं कुळ सायॅरिडी, आणि कुंड्यांत सापडणाऱ्या बहुतेक जाती ब्रॅडिसिया या प्रजातीतल्या. आकार दोन ते चार मिलिमीटर. पाय लांब, मिशा लांब, चण डासासारखी नाजूक. पण चावत नाहीत. उडण्यातही कच्ची असतात, म्हणून कुंडीच्या आसपासच घोटाळतात.

इथं एक काळजी घ्यायची. घरात दिसणारं प्रत्येक बारीक चिलट हे नव्हे. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी, लालसर डोळ्यांची, बुटकी माशी वेगळी; तिचा कुंडीशी संबंध नाही. न्हाणीघरातल्या जाळीजवळ बसणारी, पतंगासारखी केसाळ माशी आणखी वेगळी. धुरावरून विस्तवाचं अनुमान करायचं तर तो धूरच आहे, धुकं नव्हे, याची आधी खात्री करावी लागते. न्यायशास्त्रानं हेत्वाभासांचा एवढा विचार केला तो उगीच नाही. लोक केळ्यांच्या माशीसाठी कुंडीत औषध ओततात आणि मग औषधाला नावं ठेवतात.

आता याचं आयुष्य. मादी ओलसर मातीच्या भेगांत, कुजणाऱ्या पानांखाली अंडी घालते. एक मादी शंभरावर, कधी दोनशेपर्यंत अंडी घालू शकते. तीन ते सहा दिवसांत अंडी फुटतात. बाहेर येते ती अळी पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक, आणि डोकं मात्र काळं, चकचकीत. ही अळी साधारण दोन आठवडे खात राहते, पाचसहा मिलिमीटरपर्यंत वाढते, मग मातीतच कोषात जाते, आणि तीनचार दिवसांनी त्यातून नवं चिलट बाहेर पडतं. घरातल्या उबेत हे सगळं चक्र तीनचार आठवड्यांत पुरं होतं. प्रौढ चिलट जगतं किती? आठवडा, फार तर दहा दिवस.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. महिन्याभराच्या या चक्रात कीटक आपल्याला दिसतो तो शेवटचा आठवडाभर. उरलेले तीन आठवडे तो मातीत असतो. म्हणजे हवेत दहा चिलटं दिसतात तेव्हा मातीत त्यांच्या कितीतरी पट अळ्या असू शकतात. आपण टाळ्या वाजवून, रॅकेट फिरवून, फवारा मारून ज्याला मारतो, ते आयुष्याच्या शेवटाला आलेलं चिलट. त्यानं बहुधा अंडी आधीच घातलेली असतात. चिलट हा धूर. विस्तव मातीत आहे.

ही अळी खाते काय? मुख्यतः बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पालापाचोळा. एवढ्यावर ती थांबली असती तर तिच्याशी भांडायचं कारण नव्हतं. कुजवण्याच्या कामात तिचाही हात लागतो. पण अळ्या फार झाल्या, किंवा बुरशी कमी पडली, की ती कोवळी मुळं खाते. मुळांवरचे बारीक केस, नुकत्याच उगवलेल्या रोपाचं खोड, मुळं फुटू लागलेल्या फांद्यांची टोकं, ही तिची आवडती जागा. मुळं जखमी झाली की मातीतल्या बुरशीजन्य रोगांना वाट मिळते. पिथियम, फ्युझेरियम यांसारख्या बुरशींचे बीजाणू ही चिलटं आणि अळ्या एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेऊ शकतात. पाणी घालूनही रोप मलूल दिसतं, पानं पिवळी पडतात, आणि एक दिवस रोप मानेतून कोलमडतं. मग आपण म्हणतो, पाणी कमी पडलं असेल. आणि आणखी पाणी घालतो. म्हणजे रोग्याला जे बाधलं तेच पुन्हा वाढायचं.

मोठ्या, रुजलेल्या झाडाला थोड्या अळ्यांनी फारसं काही होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पाचसहा वर्षांचा मनीप्लांट असेल आणि दोनचार चिलटं दिसत असतील, तर घाबरून जायचं कारण नाही. धोका बियाण्यांच्या ट्रेला, रोपांना, छाटकलमांना आणि आधीच आजारी असलेल्या झाडाला असतो. अळिंबी पिकवणारे शेतकरी मात्र या कुळातल्या माश्यांना चांगलं ओळखतात. त्यांचं पीकच बुरशी, त्यामुळं माशी थेट पिकावरच येते.

चिलटं येतात कुठून? बरेचदा रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीबरोबर किंवा मातीच्या उघड्या पिशवीतून. आणि टिकतात कशामुळं? ओलाव्यामुळं. आपल्याकडची हल्लीची पद्धत बघा. गॅलरीतल्या कुंड्यांत माती कमी, कोकोपीट आणि गांडूळखत जास्त. वर चहाचा चोथा, भाज्यांची सालं, पेंडीचं पाणी. आणि रोज सकाळी नेमानं तांब्याभर पाणी, पावसाळा असला तरी! कोकोपीट वरून कोरडं दिसलं तरी आत ओल धरून ठेवतं. चिलटांसाठी याहून चांगलं बाळंतपणाचं घर कोणतं?

परदेशातल्या आपल्या मंडळींची तऱ्हा थोडी निराळी. अमेरिकेच्या थंड भागांत किंवा युरोपात ऑक्टोबर लागला की तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या घरात येतात. खिडकीतलं ऊन कमी, झाडाची वाढ मंद, म्हणजे झाड पाणी पितं कमी. पण घालणारा हात उन्हाळ्याच्या सवयीनंच घालतो. माती आठवडा आठवडा ओली राहते, घर उबदार असतं, आणि डिसेंबरात चिलटं सगळ्या घरभर होतात.

आता कारणाचा प्रश्न. न्यायशास्त्राचं आवडतं उदाहरण घटाचं, म्हणजे मातीच्या मडक्याचंच आहे. मडक्याचं कारण कोण? माती, कुंभार, त्याचं चाक, काठी. पण माती वाहून आणणारं गाढव? ते तिथं आधी हजर होतं, हे खरं. तरी ते मडक्याचं कारण नव्हे. त्याच्याजागी बैलगाडीनं माती आणली असती तरी मडकं झालंच असतं. अशा गोष्टीला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. कुंडीच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायचा. काय काढून घेतलं तर चिलटांची पुढची पिढी होणारच नाही? हवेतली चारदोन चिलटं मारली तर पिढी थांबत नाही. वरच्या थरातली ओल काढली तर मात्र थांबते, निदान रोडावते. ओल हे इथलं खरं कारण. आणि खाणारी अळी हे उपायाचं खरं ठिकाण.

म्हणून पहिला उपाय कुठल्याच बाटलीत मिळत नाही. पाणी घालण्याआधी मातीत बोट घाला. वरचे दोनतीन सेंटिमीटर कोरडे लागेपर्यंत पाणी घालू नका. अंडी आणि लहान अळ्या कोरड्या थरात जगत नाहीत, आणि मादीलाही तिथं अंडी घालावीशी वाटत नाहीत. कुंडीखालच्या बशीत साठलेलं पाणी ओतून टाका. गळलेली पानं उचला. चहाचा चोथा आणि पेंड ओली, उघडी वर पसरू नका. ज्या रोपांना अशी कोरड सोसत नाही, त्यांची कुंडी बशीत ठेवून खालून पाणी द्या, अर्ध्या तासानं उरलेलं काढून टाका; वरचा थर कोरडाच राहील.

दुसरं पाऊल मोजण्याचं. बटाट्याची सेंटिमीटरभर जाड चकती मातीवर ठेवा, थोडी दाबून. दोनतीन दिवसांनी उलटून बघा. अळ्या असतील तर काळ्या डोक्याचे पांढरे धागे चकतीच्या खालच्या अंगाला दिसतात. आणि प्रौढांसाठी शेतकरी वापरतात तो पिवळा चिकट सापळा, त्याचा तळहाताएवढा तुकडा मातीलगत लावा. सापळ्यानं चिलटं संपत नाहीत. पण दर रविवारी त्यावरची संख्या वहीत लिहिली की वाढतंय की उतरतंय हे कळतं. डोळ्यांना 'खूप' आणि 'फार' एवढंच कळतं. वहीला आकडा लागतो.

एवढं करून भागलं तर उत्तम. नाही भागलं, किंवा रोपं कोवळी आहेत आणि थांबायला वेळ नाही, तर मग जैविक उपाय. त्यातला पहिला बी.टी.आय.

'बी.टी.' ही दोन अक्षरं महाराष्ट्रात कापसामुळं घरोघरी पोचली. बी.टी. म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत सापडला. पुढं जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांनी १९११ मध्ये पिठातल्या पतंगाच्या अळ्यांमधून तो वेगळा केला आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याला आजचं नाव दिलं. बराच काळ समज असा की हा जिवाणू पतंगवर्गीय अळ्यांनाच मारतो. मग १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात जोएल मार्गालिट आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांना एका लहानशा डबक्यात मेलेल्या डासांच्या अळ्यांचा खच दिसला. त्यातून जो प्रकार मिळाला तो इस्राएलेन्सिस. म्हणून बी.टी.आय.

हा काम कसा करतो ते समजून घेण्यासारखं आहे. बीजाणू तयार करताना हा जिवाणू प्रथिनांचे स्फटिक बनवतो. अळीनं ते खाल्ले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात. तिथले पाचकरस त्या प्रथिनाला धार लावतात. मग ते आतड्याच्या पेशींना चिकटतं आणि भोकं पाडतं. अळी खाणं थांबवते आणि एकदोन दिवसांत मरते. म्हणजे यात एकामागून एक तीन अटी आहेत: स्फटिक खाल्ला पाहिजे, आतडं अल्कधर्मी पाहिजे, आणि पेशींवर त्या प्रथिनाला पकडायला योग्य जागा पाहिजे. आपलं पोट आम्लधर्मी, आणि ती पकडायची जागाही आपल्याकडं नाही. मासे, पक्षी, मधमाश्या, गांडुळं यांनाही त्याची बाधा होत नाही. डास, काळ्या माश्या आणि त्यांचे काही जवळचे नातेवाईक एवढ्यांपुरतंच हे विष. पश्चिम आफ्रिकेत काळ्या माशीमुळं होणाऱ्या अंधत्वाविरुद्धच्या मोहिमेत, लोक जिचं पाणी पितात त्या नद्यांत, १९८०च्या दशकापासून बी.टी.आय. वापरलं गेलं, ते याच भरवशावर.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसतं 'बी.टी. द्या' म्हणू नका. तिथं बहुधा मिळेल ती 'कुर्स्टाकी' नावाची बी.टी. ती बोंडअळीसारख्या, पतंगांच्या अळ्यांसाठी. चिलटाच्या अळीवर तिचा उपयोग नाही. पुडीवर 'इस्राएलेन्सिस' हा शब्द वाचूनच घ्या. आपल्याकडं हे औषध मुख्यतः डासांच्या अळ्यांसाठी विकलं जातं, पावडर किंवा द्रावण या रूपात. अमेरिकेत 'मॉस्किटो बिट्स' या नावानं दाणे मिळतात. ते अर्धा तास पाण्यात भिजवायचे, गाळायचे आणि ते पाणी कुंडीला द्यायचं. गाळायचं अशासाठी, की ते दाणे मक्याच्या कणसाच्या चुऱ्याचे असतात. मातीवर ओले राहिले की त्यांनाच बुरशी धरते. प्रमाण मात्र वेष्टनावर लिहिलेलंच पाळा.

बी.टी.आय.च्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ते अंड्याला मारत नाही, कोषाला मारत नाही, उडत्या चिलटाला मारत नाही. कारण यांपैकी कोणीच ते खात नाही. लहान अळ्यांवर चांगलं चालतं, मोठ्या अळ्यांवर कमी. आणि मातीत त्याचा जोर थोडे दिवसच टिकतो. म्हणून एकदा घालून भागत नाही. दर पाच ते सात दिवसांनी, असं तीनचार वेळा द्यावं लागतं. म्हणजे आज जे अंडं आहे ते अळी झालं की त्याला ते भेटेल. आणि घरातल्या सगळ्या कुंड्यांना एकाच वेळी द्यायचं. एक कुंडी सुटली तर तीच पुढच्या पिढीचं माहेर.

दुसरा उपाय सूत्रकृमींचा. सूत्रकृमी म्हटलं की शेतकऱ्याला मुळांवर गाठी करणारी कीड आठवते. पण सगळे सूत्रकृमी झाडांचे वैरी नसतात. स्टायनरनेमा फेल्टिए नावाचा, मिलिमीटरहूनही लहान सूत्रकृमी मातीतल्या ओलाव्याच्या पातळ थरातून सरपटत अळीपर्यंत जातो, तिच्या शरीरातल्या नैसर्गिक छिद्रांतून आत शिरतो आणि आपल्या पोटात सांभाळलेले जिवाणू तिथं सोडतो. ते जिवाणू झेनोऱ्हॅब्डस या प्रजातीतले. अळी एकदोन दिवसांत मरते, आणि तिच्या शरीरावर सूत्रकृमींची पुढची पिढी वाढते. युरोप-अमेरिकेतल्या काचघरांत या चिलटांवरचा हा रुळलेला उपाय आहे.

याला मात्र थंडावा लागतो. साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस हे त्याचं सुखाचं तापमान. तिशीच्या वर तो लवकर ढेपाळतो. म्हणजे डिसेंबरात घरात तुळस ठेवणाऱ्या परदेशस्थ मंडळींना हा छान. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या गॅलरीत नाही. उष्ण हवेत टिकणारा एक भारतीय सूत्रकृमी आहे, हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. त्याची नोंद १९९२ मध्ये कोइम्बतूरच्या परिसरातून झाली. आपल्याकडं उसातल्या हुमणीसाठी तो वापरतात. पण हुमणीवर चालतो म्हणून चिलटाच्या अळीवर तितकाच चालेल असं गृहीत धरू नये. हुमणी केवढी, ही अळी केवढी!

सूत्रकृमी जिवंत माल आहे, हे विसरायचं नाही. पुडी आली की फ्रीजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. साध्या पाण्यात कालवून लगेच, संध्याकाळी, ओल्या मातीत द्यायचे. ऊन लागलं की मरतात, माती वाळली की चालू शकत नाहीत. आता इथं एक पेच आहे बघा. आधी आपण म्हटलं, माती वाळवा. आता म्हणतो, माती ओली ठेवा. यात विरोध नाही, क्रम आहे. आधी वाळवून संख्या खाली आणा. मग सूत्रकृमी देऊन आठदहा दिवस मध्यम ओल राखा. मग पुन्हा वाळवण्याच्या शिस्तीवर या. दोन्ही एकाच आठवड्यात केलं तर दोन्ही वाया.

तिसरे, परभक्षी कोळी. स्ट्रॅटिओलेलॅप्स सायमिटस नावाचा मातीतला कोळी अंडी आणि लहान अळ्या खातो. तो झाडाला अपाय करत नाही. जिथं तो विकत मिळतो, तिथं बियाण्यांच्या ट्रेमध्ये चिलटं वाढण्याआधीच सोडायचा असतो. संख्या हाताबाहेर गेल्यावर सोडला तर पुरा पडत नाही.

आणि बुरशी? चिलटं बुरशी खातात, तशी बुरशीही कीटक खाते. १८३५ मध्ये इटलीत अगोस्तिनो बास्सी यांनी दाखवून दिलं की रेशीमकिड्यांचा पांढरा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळं होतो. एखादा रोग सूक्ष्मजीवामुळं होतो असं प्राण्यांच्या बाबतीत पुराव्यानिशी सिद्ध झाल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. त्यांच्याच नावावरून तिला बिव्हेरिया बॅसियाना म्हणतात, आणि ती आज कृषी सेवा केंद्रात सहज मिळते. पण चिलटांच्या अळ्यांवर तिचा परिणाम एकसारखा नसतो, म्हणून ती पहिलं शस्त्र नव्हे. तिच्या शेजारीच ट्रायकोडर्मा ठेवलेलं असतं. ते मुळांच्या रोगकारक बुरशींशी झुंजतं, म्हणून रोपांना उपयोगी. पण ते कीटकनाशक नाही. दुकानदारानं दिलं म्हणजे अळी मरेल, असं होत नाही.

घरगुती उपायांबद्दल खूप प्रश्न आले आहेत. दालचिनीची पूड, हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड, निंबोळी पेंड, वाळूचा थर. एकेकाचा निवाडा करण्यापेक्षा निवाडा कसा करायचा ते सांगतो. चिलटांची संख्या लाटेसारखी असते. प्रौढ आठवड्यानं मरतात, पुढचे अजून कोषात असतात, आणि मध्ये काही दिवस घर शांत वाटतं. आपण औषध बहुधा लाट उंच असताना घालतो. त्यानंतर ती उतरायचीच. मग श्रेय दालचिनीला! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. याला आपल्याकडं काकतालीय न्याय म्हणतात.

म्हणून अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तपासा. सारख्या सहा कुंड्या घ्या. तिन्हींत उपाय करा, तिन्हींत करू नका. पाणी मात्र सगळ्यांना सारखं. दोन्ही गट एकमेकांपासून दूर ठेवा, नाहीतर चिलटं इकडची तिकडं जातील. चार आठवडे चकत्या आणि सापळे मोजा. उपाय आहे तिथं घट, आणि उपाय नाही तिथं घट नाही, असं दिसलं तरच उपायाला श्रेय द्या. तोपर्यंत दोन गोष्टी लक्षात असू द्या. पेरॉक्साइड अळीबरोबर मुळांभोवतीचे चांगले सूक्ष्मजीवही मारतं, त्यामुळं सूत्रकृमींबरोबर ते अजिबात नको. आणि वाळूचा थर कोरडा राहिला तरच कामाचा. वरून पाणी घालून तो रोज भिजवला तर तो नुसता शोभेचा.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीनं तोच खरा. एका श्रोत्यांनी लिहून विचारलं आहे: "आमच्या घरी मुंगीही मारत नाहीत. जैविक औषध वापरलं तर हिंसा होत नाही ना?"

होते. हे स्पष्ट सांगायला हवं. 'जैविक' या शब्दात एक गोडवा आहे, त्यामुळं मारणं झाकलं जातं. आतड्याला भोकं पडून मरणारी अळी, किंवा आतून खाल्ली जाणारी अळी, ही काही सुखानं मरत नाही. जैविक म्हणजे अहिंसक नव्हे. विष, औषध, सूत्रकृमी, कोळी, या सगळ्यांत मारणं आहेच.

मग फरक कशात? फरक विवेकात आहे. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मुळांतून शोषलं जाऊन झाडभर पसरतं. ते कुठल्या कीटकाला लागेल हे ते विचारत नाही. फुलावर आलेल्या मधमाशीलाही लागतं. आणि तुळस, कढीपत्ता, पुदिना, कोथिंबीर ही तर आपण खातो. मातीतल्या अळीसाठी घातलेलं विष पानातून आपल्याच ताटात येतं. बी.टी.आय.चा पल्ला थोड्या नातेवाईक कीटकांपुरता, आणि थोड्या दिवसांपुरता. मारायचंच असेल तर ज्याच्यामुळं रोप मरतंय त्यालाच, जिथं मरतंय तिथंच, आणि जेवढं लागेल तेवढंच. हा फरक लहान नाही. पण तो 'हिंसा आणि अहिंसा' असा नसून 'आंधळी हिंसा आणि डोळस हिंसा' असा आहे.

आणि ज्यांना तीही नको, त्यांच्यासाठी उत्तर पहिल्या पायरीतच आहे. वरचा थर कोरडा ठेवला तर मादी तिथं अंडीच घालत नाही. जो जन्मलाच नाही त्याला मारावं लागत नाही. म्हणजे उपायांचा जो व्यवहारी क्रम आपण लावला, आधी पाणी, मग मोजणी, मग बी.टी.आय. किंवा सूत्रकृमी, आणि रासायनिक विष जमल्यास कधीच नाही, तोच नैतिक क्रमही आहे. दोन्ही क्रम असे जुळतात, याचं आम्हाला अजूनही नवल वाटतं.

'निर्मूलन' हा शब्दही आपण सोडून देऊ. पावसाळ्यात सह्याद्रीत सापकांदा उगवतो, फणा काढल्यासारखं फूल येतं त्याला. तो ज्या अॅरिसेमा प्रजातीतला, तिच्यातल्या अनेक वनस्पतींचं परागीभवन बुरशीची चिलटंच करतात. गॅलरीत जी आपल्याला नकोशी, तिच्यावाचून रानातल्या एका फुलाचं अडतं. तिला जगातून काढायचं नाही. आपल्या रोपाच्या मुळांपासून दूर ठेवायचं, एवढंच. याला नियंत्रण म्हणतात. त्यात आधी नियंत्रण येतं ते आपल्याच हातातल्या झारीवर.

तर या आठवड्यात करायचं ते थोडक्यात. आज सगळ्या कुंड्यांत बोट घालून बघा. ओल्या असतील तर पाणी बंद. बटाट्याची चकती आणि पिवळा सापळा लावा, तारीख लिहा. तीन दिवसांनी अळ्या दिसल्या तर पुढचं पाणी बी.टी.आय.चं द्या, सगळ्या कुंड्यांना, आणि आठवड्याच्या अंतरानं आणखी तीनदा. महिन्यानं वही उघडा. आकडा उतरला असेल तर औषध थांबवा, बोट घालायची सवय मात्र थांबवू नका. आकडा उतरला नसेल तर कुठली कुंडी सुटली ते शोधा. बहुधा एखादी सुटलेलीच असते, जिन्यातली नाहीतर न्हाणीघराच्या खिडकीतली.

वहीतले आकडे पुढच्या वेळी जरूर कळवा. त्यावर बोलू. इथं थांबू या.